एका संगणकात अनेक संगणक : प्रस्तावना

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की हिंडलगा, मग सुळगा, उचगावचा फाटा, आणि शिनोळी आली की महाराष्ट्राची हद्द. या पट्ट्यातल्या घरात संगणक असतो तो बहुधा एकच, आणि सगळ्या घराचा व्यवहार त्याच्यावर चालतो. वडील उद्यमबागेतल्या कामाची बिले टॅलीत चढवतात आणि डिजिटल सहीचे टोकन लावून जीएसटीचे विवरणपत्र भरतात. आईचे बँकेचे खाते त्याच ब्राउझरमध्ये उघडते. मुलगी व्हीटीयूच्या परीक्षेसाठी प्रोग्रॅम लिहिते, धाकटा ब्लूस्टॅक्स टाकून मोबाइलचे खेळ खेळतो. चंदगड तालुक्यात शेत असेल तर सातबारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावरून काढायचा, इकडच्या जमिनीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’वरून. लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवरून छपाईच्या दुकानात जातो, आणि दुकानातल्या संगणकाला लागलेला तोच पेनड्राइव्ह संध्याकाळी घरच्या संगणकाला लागतो.

या कामांची जोखीम सारखी नाही. खेळ बिघडला तर धाकटा रुसेल, बँकेचे खाते उघडे पडले तर वर्षाची कमाई जाईल. संगणकाला मात्र हा फरक कळत नाही. विंडोजमध्ये एका खात्याने चालणारे सगळे प्रोग्रॅम जवळपास सारख्याच अधिकाराने चालतात. खेळासोबत आलेल्या ‘क्रॅक’ला वडिलांच्या हिशेबाच्या फायली वाचता येतात, ब्राउझरने साठवलेले पासवर्ड उचलता येतात, कळफलकावर काय टाइप होते ते टिपता येते. त्यासाठी त्याला कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही, कारण आत कुलूपच नसते. एकाच संगणकावरची कामे एकमेकांपासून वेगळी कशी ठेवायची, हा या पुस्तकाचा एकमेव विषय आहे, आणि त्यासाठी त्याने निवडलेले मुख्य साधन म्हणजे व्हर्च्युअल मशीन. जाणकार तिला नुसते ‘व्हीएम’ म्हणतात.

व्हीएम म्हणजे खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचे नेटवर्क कार्ड असल्याचा पूर्ण भास होतो. त्यावर वेगळे विंडोज किंवा लिनक्स बसवता येते. त्याची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल. आतला प्रोग्रॅम ‘माझ्या संगणकावरच्या सगळ्या फायली’ म्हणून जे पाहतो ते या एका फायलीच्या पोटातले असते. बाहेरच्या खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट, आणि दोघांमध्ये राहून मेमरी व प्रोसेसर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर. गेस्टचे आत्ताचे रूप ‘स्नॅपशॉट’ म्हणून जपून ठेवता येते. आत काही बिघडले की त्या रूपावर परत जाता येते.

ही कल्पना घरगुती संगणकाहून जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली बांधली. एका महागड्या मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि प्रत्येकाला पूर्ण यंत्र आपल्याच हातात आहे असे वाटावे, हा तिचा हेतू. १९६७ मध्ये ती वापरात आली, आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणले. तिथे मुख्य प्रश्न खर्चाचा होता, सुरक्षिततेचा नव्हे. पण पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, स्टुअर्ट मॅडनिक आणि जॉन डोनोव्हन यांनी एका निबंधात दाखवले की व्हीएमची रचना माहिती सुरक्षित ठेवण्यासाठीही सरस आहे. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि आजही तोच पुरतो. एका ऑपरेटिंग सिस्टिमखाली सगळे एकत्र नांदत असतील तर तिच्यातली एकच चूक सगळ्यांना उघडे पाडते. व्हीएमने वेगळे केलेले असतील तर आतल्या सिस्टिममध्ये आणि हायपरव्हायझरमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी चूक सापडावी लागते. शिवाय हायपरव्हायझर आकाराने लहान, म्हणून तपासायला सोपा. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर व्हीएमसाठी योग्य आहे की नाही हे ठरवण्याची औपचारिक कसोटी मांडली.

पुढे घरात आलेले पीसी या कसोटीला उतरत नव्हते. पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा १७ सूचना होत्या की ज्यांच्यामुळे आतल्या सिस्टिमवर पूर्ण ताबा ठेवणे अवघड जाई. त्यामुळे जवळजवळ दोन दशके व्हीएम मोठ्या यंत्रांपुरत्या राहिल्या. ही कोंडी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून फुटली. मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली, आणि १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन हे उत्पादन आले. आतल्या सिस्टिमच्या अडचणीच्या सूचना हे उत्पादन ती सिस्टिम चालता चालता बदलून घेत असे. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरव्हायझर आला. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय घातली आणि ही कसरत बरीच अनावश्यक झाली. २००७ च्या आरंभी केव्हीएम हा हायपरव्हायझर थेट लिनक्सच्या गाभ्यात शिरला. त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्स या घरगुती वापराच्या हायपरव्हायझरचा स्रोत खुला झाला. केव्हीएम आणि त्याच्या जोडीच्या क्यूईएमयूवर रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनीही काम केले आहे. बेळगावातून शिकून पुण्याच्या वाटेने गेलेली आपली मुले ज्या क्लाउडच्या नोकऱ्या करतात त्या क्लाउडचा पाया हाच आहे. तरी त्याच मुलांच्या गावाकडच्या घरात आई-वडिलांचा संगणक मात्र एकाच खात्यावर, सगळ्या कामांची सरमिसळ करून चालतो. ही विसंगती मला फार खटकते, आणि हे पुस्तक लिहिण्यामागे तीच आहे.

आपल्याकडे संगणकाची सुरक्षा म्हटले की अँटीव्हायरस, हे समीकरण का बसले याचे उत्तर पुण्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मराठी माणसाच्या तंत्रउद्योगातली ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि गावोगावच्या दुकानदारांनी ते पाकीट घरोघर पोहोचवले म्हणून लाखो संगणक वाचले. सुरक्षेच्या या पंथाला ‘ओळखून पकडणारा’ म्हणावे. ओळखीची घातक फाइल दिसली की थांबव, संशयास्पद वागणूक दिसली की अडव. तो आजही आवश्यक आहे. पण त्याची मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे : जे अजून कोणी पाहिलेले नाही, किंवा जे भल्याच्या वेषात येते, ते ओळखायचे कसे?

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर पसरले ते एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी तो प्रोग्रॅम वापरत. अपडेट अधिकृत मार्गाने आले म्हणून कोणी शंका घेतली नाही. काही तासांत त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे पाडले, आणि तिच्याच समूहाकडे असलेले न्हावाशेवा बंदरातले टर्मिनलही अडकले. मर्स्कच्या सगळ्या संगणकांची आणि खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर एकापाठोपाठ एक पुसले गेले; घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून कंपनीने बाकीचे पुन्हा उभे केले. तो सर्व्हर वाचला तो कोणी धोका ओळखला म्हणून नव्हे, वेगळा पडला म्हणून. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यामार्गे हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात. या संस्थांकडे आपल्या घरांपेक्षा कितीतरी जास्त पैसा, माणसे आणि अँटीव्हायरस होते.

दुसरा पंथ कोंडून ठेवणाऱ्यांचा. प्रोग्रॅम चांगला की वाईट हे ठरवत बसण्यापेक्षा त्याला इतक्या लहान जागेत चालवायचे की वाईट निघाला तरी नुकसान तिथेच थांबावे. या पंथात अनेक घराणी आहेत. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने संकेतस्थळाची पाने चालवणारा भाग ‘सँडबॉक्स’मध्ये ठेवला. मोबाइलवर प्रत्येक ॲप मुळातच वेगळ्या खोक्यात चालते, म्हणून फोन या बाबतीत आपल्या पीसीपेक्षा बरा. डॉकरसारखे कंटेनर एकच गाभा वापरून वरचा भाग वेगळा करतात. सर्व्हर चालवणाऱ्यांना ते सोयीचे, घरच्या सुरक्षिततेसाठी मात्र मी त्यांच्यावर भिस्त ठेवणार नाही. व्हीएम या सगळ्यांत जाड भिंतीची. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० च्या सुमारास नेटटॉप नावाचा प्रयोग केला, त्यात एकाच टेबलावरच्या संगणकात गुप्त आणि साध्या कामासाठी वेगवेगळ्या व्हीएम ठेवल्या होत्या. ज्यांना दोन कामांची सरमिसळ परवडणारी नव्हती त्यांनी हे साधन पंचवीस वर्षांपूर्वीच उचलले.

या घराण्याचे सर्वांत टोकाचे आणि सर्वांत सुसंगत रूप म्हणजे क्यूब्स ओएस. पोलंडच्या योआना रुटकोव्स्का यांनी २००६ मध्ये ‘ब्लू पिल’ नावाचा प्रयोग दाखवून सुरक्षा-जगताला हादरवले होते : चालू असलेले विंडोज त्याला पत्ता न लागता व्हीएममध्ये सरकवता येते आणि त्याच्याखाली बसून सगळे पाहता येते. ज्या तंत्राने चोर लपू शकतो त्याच तंत्राने घर राखता येईल, हे त्यांनी पुढे क्यूब्समध्ये करून दाखवले. २०१० मध्ये घोषणा, २०१२ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती. यात बँक एका व्हीएममध्ये, ईमेल दुसऱ्यात, अनोळखी फाइल उघडायला क्षणभर जगणारी तिसरी. प्रत्येक खिडकीला वेगळ्या रंगाची चौकट, म्हणजे आपण कुठे टाइप करतो आहोत ते नजरेला कळते. नेटवर्क कार्डसुद्धा वेगळ्या व्हीएमकडे, आणि सगळ्यांवर ताबा ठेवणाऱ्या मुख्य भागाला इंटरनेटच नाही. पण त्याला १६ जीबी मेमरी लागते असे धरून चालावे, सगळ्या लॅपटॉपवर ते बसत नाही, आणि खेळांसाठी ते निरुपयोगी. हिंडलग्यातल्या चारचौघांच्या घरात क्यूब्स बसवा असे हे पुस्तक सांगत नाही. क्यूब्सचा विचार मात्र पानोपानी आहे.

मधला मार्ग मायक्रोसॉफ्टने आखला. २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये ‘विंडोज सँडबॉक्स’ आले. उघडले की कोरे विंडोज, बंद केले की आतले सगळे नाहीसे. संशयास्पद फाइल तपासायला याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही; अडचण इतकीच की ते ‘होम’ आवृत्तीत मिळत नाही, आणि दुकानातून येणाऱ्या लॅपटॉपवर बहुधा ‘होम’च असते. त्यापलीकडे, आजच्या विंडोज ११ मध्ये गाभ्याचा एक भाग हायपरव्हायझरच्या आड ठेवलेला असतो, आणि धाकट्याचे ब्लूस्टॅक्सही व्हर्च्युअलायझेशनवरच चालते. व्हीएम घरात आलेलीच आहे. तिच्याकडून घर राखून घेणे तेवढे बाकी आहे.

इथे एका गैरसमजाशी मला सविस्तर भांडायचे आहे, कारण व्हीएमबद्दल ऐकलेले बरेच लोक नेमके उलटे करतात. ‘बँकेचे काम व्हीएममध्ये करायचे, बाकी सगळे नेहमीसारखे बाहेर’ असा बेत ते आखतात. हा बेत जवळजवळ निरुपयोगी आहे. गेस्टमध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर आधी होस्टच्या कळफलकातून जाते. गेस्टची खिडकी होस्टच्याच पडद्यावर उमटते. गेस्टची डिस्क होस्टवरची फाइल असते. होस्टमध्ये घुसलेल्याला यातले सगळे दिसते. भिंत आतून बाहेर येणाऱ्याला अडवते, बाहेरून आत पाहणाऱ्याला नाही. म्हणून होस्ट घरातला सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत रिकामा भाग असला पाहिजे, आणि जे जे घाण आणू शकते ते गेस्टमध्ये गेले पाहिजे : अनोळखी जोडपत्रे, दुकानातून परतलेला पेनड्राइव्ह, फुकट मिळणारे प्रोग्रॅम, मुलांचे प्रयोग. पुरेशी मेमरी असेल तर बँकेलाही वेगळी गेस्ट द्यावी, पण होस्ट रिकामा केल्यावरच.

दुसरी गोष्ट भिंतीतल्या वाटांची. हिंडलग्याचे नाव सीमाभागात हुतात्मा स्मारकामुळे घेतले जाते, बाहेर मात्र ते इथल्या ब्रिटिशकालीन मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन आले. पोलिसांनी माग काढला तो थेट हिंडलग्याच्या कारागृहात पोहोचला. कैदी कोठडीत होता, भिंत शाबूत होती, फाटक बंद होते. मोबाइल तेवढा आत होता. घरच्या व्हीएमची बहुतेक फसगत अशीच होते. हायपरव्हायझर फोडून बाहेर पडणे शक्य आहे. २०१५ मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष क्यूईएमयूमधल्या फ्लॉपी डिस्कच्या जुन्या भागात होता, जो कोणी वापरतही नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टरने तर प्रोसेसरच्या रचनेतच फट असल्याचे दाखवले. पण असे हल्ले महाग असतात आणि ते आपल्या घरासाठी क्वचितच खर्च होतात. घराला खरा धोका असतो तो आपणच सोयीसाठी उघडलेल्या वाटांचा : होस्टचे ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर गेस्टला लिहिण्याच्या परवानगीसह दिलेले, क्लिपबोर्ड दोन्ही बाजूंनी खुला, यूएसबी आपोआप आत जाणारी. खंडणीचा प्रोग्रॅम गेस्टमध्ये चालला आणि फोल्डर सामायिक असेल, तर होस्टवरच्या फायली त्याला भिंत न ओलांडता कुलूपबंद करता येतात. नेटवर्कचेही तसेच. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या ‘नॅट’ जोडणीत गेस्टला बाहेरून कोणी सहज गाठू शकत नाही, पण गेस्ट मात्र घरातला राउटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर गाठू शकते. या पुस्तकात व्हीएम उभी करण्यापेक्षा या वाटा बंद करण्याला जास्त पाने दिली आहेत, ती याच कारणाने.

हे सारे आत्ताच का, याचे एक कारण तारखेत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष मिळाले, एवढेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी जुन्या बाजारातून घेतलेली कित्येक यंत्रे त्यात बसत नाहीत. ती चालतात उत्तम, म्हणून लोक टाकून देणार नाहीत, आणि त्यांनी टाकूनही देऊ नयेत. अशा यंत्रावर होस्ट म्हणून लिनक्स बसवून जुने विंडोज गेस्टमध्ये ठेवता येते, आणि ज्या कामाला इंटरनेट लागत नाही त्या गेस्टचे नेटवर्क काढून टाकता येते.

आपल्या भागात याचा सर्वांत मोठा उपयोग मला छपाई आणि डीटीपीच्या व्यवसायात दिसतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, देवस्थानांचे अहवाल, साखर कारखान्यांच्या सभांची टिपणे वर्षानुवर्षे पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या फाँटवर जुळवली गेली. युनिकोड येण्यापूर्वीचे हे फाँट. त्यांतल्या फायली नव्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की मजकुराची अक्षरे विस्कटतात. काही सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही, आणि डोंगलचा ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरताच. म्हणून एक्सपी किंवा विंडोज ७ असलेले एक यंत्र दुकानात जपून ठेवलेले असते. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तरीही ग्राहकाने ईमेलवर मजकूर पाठवला की तेच यंत्र इंटरनेटला जोडले जाते, आणि दिवसभर लोकांचे पेनड्राइव्हही त्यालाच लागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा प्रोग्रॅम पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली, यावरून अशी यंत्रे जगभर किती उरली होती ते कळते. या दुकानांना जुने सोडून द्या असे सांगणे व्यर्थ आहे. त्या फायलींत त्यांचे तीस वर्षांचे काम आहे, आणि आपल्या मराठीचे दस्तऐवजही. जुने विंडोज व्हीएममध्ये उचलून ठेवायचे, तिचे नेटवर्क तोडायचे, यूएसबीचे डोंगल तेवढे तिच्याकडे सोपवायचे, आणि ईमेल-पेनड्राइव्हचे काम वेगळ्या लिनक्स गेस्टमध्ये करायचे. मायक्रोसॉफ्टने स्वतः २००९ मध्ये विंडोज ७ सोबत ‘एक्सपी मोड’ म्हणून हेच दिले होते. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागणारे जुने डोंगल असेल तर मात्र हा मार्ग बहुधा अडतो, आणि ते आधीच तपासलेले बरे.

हे आत्ताच का, याचे दुसरे कारण भाषेचे. संगणक धोक्याची सूचना इंग्रजीत देतो. सरकारी संकेतस्थळ कन्नडमध्ये बोलते. घरातल्या ज्येष्ठांना दोन्हीतले नीट वाचता येत नसेल तर त्यांना एकच गोष्ट कळते : ‘येस’ दाबले की काम पुढे सरकते. त्यांना दोष देणे अन्याय्य आहे. ज्या व्यवस्थेत एका चुकीच्या ‘येस’ने सगळे जाते ती व्यवस्थाच त्यांच्यासाठी चुकीची आहे. कामे वेगळी ठेवलेल्या संगणकावर तोच चुकीचा ‘येस’ एका गेस्टपुरता राहतो आणि स्नॅपशॉटवर परत गेले की पुसला जातो. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने असंख्य मराठी माणसांना संगणक वापरायला शिकवले. वापरता येणाऱ्याला तो राखायचा कसा, हे मराठीत सविस्तर सांगणारे लेखन त्या मानाने फार थोडे आहे.

व्हीएम काय करू शकत नाही हेही आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने फोनवरून घाबरवून लुटण्याचे प्रकार आपल्या बेळगाव जिल्ह्यातही घडले, आणि २०२५ मध्ये त्यापायी जीवही गेले. तिथे कोणताही व्हायरस नव्हता. माणसाला फसवून त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावले तर संगणकातली कोणतीही भिंत उपयोगी नाही; तिथे कामाला येतो तो घरच्यांशी बोलण्याचा मोकळेपणा आणि लगेच १९३० वर केलेला फोन. खोट्या संकेतस्थळावर आपण होऊन दिलेला ओटीपीही व्हीएम परत आणू शकत नाही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे : तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबर जातो. हेस्कॉमची वीज अचानक गेली आणि यूपीएस नसेल तर चालू व्हीएमची डिस्क-फाइल खराब होऊ शकते. आतल्या विंडोजलाही स्वतंत्र परवाना लागतो. चोरीचे विंडोज भिंतीआड ठेवून कोणी सुरक्षित होत नाही. काही घातक प्रोग्रॅम आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून गप्प बसतात. म्हणून आत निर्धोक दिसली एवढ्यावरून कोणतीही फाइल होस्टवर उघडू नये.

पुस्तकाची मांडणी सॉफ्टवेअरच्या नावांवरून केलेली नाही, घरातल्या यंत्राच्या मेमरीवरून केली आहे. ४ जीबीच्या यंत्रावर व्हीएम चालवण्याचा हट्ट धरू नये. त्या घरासाठी वेगळी वापरकर्ता-खाती, मुलांच्या खात्याचे प्रशासकीय अधिकार काढणे आणि पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स एवढेच सुचवले आहे, आणि तेही कमी नाही. ८ जीबी असेल तर हलक्या लिनक्सची एक गेस्ट २ जीबीत सुखाने चालते, आणि धोक्याचे निम्मे काम तिच्यात जाते. १६ जीबी असेल तर कामागणिक गेस्ट ठेवता येतात. उदाहरणे मुख्यतः व्हर्च्युअलबॉक्सवर दिली आहेत, कारण त्याचा मूळ भाग मुक्त आहे आणि तो विंडोज व लिनक्स दोन्हींवर सारखा दिसतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट मिळते आणि काही यंत्रांवर ते अधिक सफाईने चालते. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांनी बदलण्याचे कारण नाही. लिनक्स होस्ट असेल तर माझा कौल केव्हीएमला. पडद्यावरची इंग्रजी बटणे देवनागरीत जशीच्या तशी लिहून त्यांचा अर्थ शेजारी दिला आहे, म्हणजे वाचणारा आजोबा आणि माउस धरणारी नात यांना एकत्र काम करता येईल.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक तपासणी करून ठेवावी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मधल्या ‘सीपीयू’च्या पानावर खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ असे लिहिलेले दिसेल. त्यापुढे ‘एनेबल्ड’ असेल तर थेट पुढच्या पानावर जावे. ‘डिसेबल्ड’ असेल तर यंत्र सुरू होतानाच बायोसमध्ये शिरून इंटेलच्या प्रोसेसरवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या प्रोसेसरवर ‘एसव्हीएम मोड’ ही नोंद शोधून ती चालू करावी, आणि बदल जतन करून यंत्र पुन्हा सुरू करावे. बायोसला पासवर्ड असेल आणि तो यंत्र जोडून देणाऱ्या दुकानदाराकडे असेल, तर तो आधी त्याच्याकडून मागून घ्यावा.